पहिली ओंजळ पुंजारामची

आमच्या कॉलनीचं नाव गोदावैभवनगर. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. गोदावरी इथून कुठल्या कुठं, आणि वैभव म्हणाल तर कोपऱ्यावरचा उकिरडा. त्या उकिरड्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फलक, फलकावर हात जोडून हसणारा भावी नगरसेवक, आणि त्याच्या पायाशी डुकरं. शहराचं महानगर झालं त्या दिवशी याच जागी फटाके वाजले होते आणि फटाक्यांचा कचराही इथंच पडून राहिला होता. आमच्या नळाला तेव्हा दहाव्या दिवशी पाणी यायचं. आताही दहाव्याच दिवशी येतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केली. दुसऱ्याच्या वहीत लाल रेघा मारायची हाताला सवय, आणि जीभ तर पहिल्यापासूनच तिखट. तेव्हा इथं गोड काही सापडायचं नाही, ते आधीच सांगते. मला लिहायचंय पुंजारामबद्दल.

पुंजाराम आमचा चावीवाला, म्हणजे पाणी सोडणारा माणूस. रस्त्याच्या कडेला खड्ड्यात पाण्याच्या लाइनीचा व्हॉल्व्ह असतो. त्यात छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी घालून ती फिरवायची, की आमच्या तीनशे घरांत पाणी. एकोणीस वर्षं त्यानं ही चावी खांद्यावर वाहिली आणि एकोणीस वर्षं तो कंत्राटीच राहिला. मधे तीन एजन्सी बदलल्या. दर एजन्सी त्याला नवं पिवळं जाकीट द्यायची, बाकी काही नाही.

तो माझा विद्यार्थी. मी राजूरला नवीनच नोकरीवर गेले तेव्हा हा चौथीच्या पटावर होता. पटावर म्हणते, कारण वर्गात क्वचितच असायचा. बाप मेंढरं घेऊन चार-पाच महिने बाहेर पडायचा आणि हा त्याच्या मागं. परत यायचा तो पाढे विसरूनच. एकदा मी चिडून विचारलं, "अरे, तुला येतं तरी काय?" तर म्हणाला, "बाई, मला पाण्याचा वास येतो." सगळा वर्ग खिदळला. मीही हसले आणि वर एक छडी दिली.

त्याचं ते बोलणं खरं होतं हे मला तीस वर्षांनी कळलं. त्याची कामाची एक पद्धत होती. व्हॉल्व्हचे दोनच फेरे उघडायचे, लाइनीवरच्या पहिल्या नळाशी जायचं, साचलेलं पाणी जरा वाहू द्यायचं, आणि मग ओंजळ भरून हुंगायची. एक घोट तोंडात धरायचा. गिळला तर चावीचे उरलेले फेरे फिरवायचे. थुंकला तर व्हॉल्व्ह बंद. हे त्याला कुठल्या साहेबानं शिकवलेलं नव्हतं, कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मेंढरू आधी हुंगतं, मंग पितं. माणसाचं उलटं हाय बाई. माणूस आधी पितं, मंग डाक्टरला इचारतं."

लाइनीवरचा पहिला नळ जयवंताबाईंचा. माझ्या समोरचंच घर. माहेर आष्टीचं, वय ऐंशीच्या पुढं, मुलगा पुण्याला, म्हातारी एकटी. पुंजाराम ओंजळ भरायला आला की या दारातून ओरडायच्या, "मुडद्या, उष्टं केलंस का माझं पाणी?" आणि त्याच वेळी आत चहाचं आधण ठेवलेलं असायचं. तो पायरीवर बसून चहा प्यायचा आणि तिथूनच कॉलनीच्या ग्रुपवर पुढच्या पाळीचा निरोप टाकायचा. माझ्याशी बोलताना मात्र अजूनही उभा राहायचा. एवढा पन्नाशीला आलेला बाप्या, पण मी दिसले की दोन्ही हात मागं.

आता आमच्या लोकांची अक्कल सांगते. पाण्याच्या दिवशी सकाळी निरोप येतो, ‘आज अकरा वाजता पाणी’. तो वाचला की घराघरांतून बायका बाहेर येतात आणि ड्रम, हौद, हंडे, माठ, सगळं रस्त्यावर ओतून देतात. का? तर पाणी शिळं झालं! नऊ दिवस ज्या पाण्याच्या बादलीवरून जावाजावांत बोलणं बंद होतं, ते चांगलं नितळ पाणी दहाव्या दिवशी गटारीला. ताजं येणार आहे ना! जणू पाणी म्हणजे कालची भाकरी. पुंजाराम दर वेळी हात जोडून सांगायचा, "भरून झाल्यावर वता की, आधी कशाला वतून राह्यले?" कुणी ऐकत नसे. दहाच्या सुमाराला आमच्या रस्त्यावरून ओढा वाहायचा.

दुसरी अक्कल मोटारींची. नळाला थेट मोटार जोडायची आणि पाणी ओढायचं. शेजाऱ्यानं अर्ध्या हॉर्सपॉवरची लावली तर आपण एकची. पुंजाराम सांगून सांगून थकला, "मोटर वढते तव्हा लाइनीला जिथं जिथं फट हाय तिथून बी वढते. बाजूला गटार असंल तर ते बी बराबर येणार तुमच्या घरात." लोक म्हणत, तू चावी फिरव, शहाणपण शिकवू नको.

हे सगळं मी नाक मुरडून लिहितेय खरं, पण माझ्याही नळाला मोटार आहे. दीडची. आणि शिळं पाणी मीही ओतत होते.

ती चैत्रातली गोष्ट. माझी लेक राजनंदिनी बाळंतपणाला आली होती, सातवा महिना होता, आणि बुधवारी तिचं डोहाळजेवण ठेवलं होतं. पन्नास बायकांना बोलावणं. दारात मांडव, आचारी ठरलेला, हिरवी साडी, फुलांचा झोपाळा, सगळी हौस. मंगळवारी पाण्याची पाळी. आठवडाभर आधी एका ठेकेदारानं नवी गटार करायची म्हणून आमचा रस्ता उकरला होता आणि उकरून निघून गेला होता. खड्ड्यात काळं पाणी साचलेलं, त्यावर फेस, त्यात मेलेली घूस. येता-जाता पदर नाकाला लावायचा. तक्रार केली तर उत्तर आलं, काम प्रगतिपथावर आहे. त्या घुशीखेरीज तिथं कुणी फिरकलेलं मला तरी दिसलं नाही.

मंगळवारी सकाळी निरोप आला. मी दोन मोठे ड्रम, माठ, गच्चीवरची टाकी, सगळं रिकामं करून घासून उपडं घातलं. पाहुण्या बायका येणार, ताजं पाणी हवं. अख्ख्या कॉलनीनं तेच केलं.

अकराला पुंजाराम आला. दोन फेरे उघडले, जयवंताबाईंच्या नळाशी गेला, ओंजळ भरली, हुंगली. घोट घेतला आणि लगेच थुंकला. परत भरली, परत थुंकला. मी दारातच उभी होते. त्यानं जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि मोठ्यानं सांगितलं, "आज पाणी न्हाई. गटारीचं मिसळून राह्यलं. दोन दिवस द्या मला, कुठं फुटलं ते हुडकतो."

पाच मिनिटांत पन्नास माणसं गोळा झाली. घरात कुणाच्याच थेंब नव्हता, होता तो तासापूर्वी आम्हीच ओतला होता. एरवी रस्त्यावरचा खड्डा बुजवायला एक माणूस हजर नसतो, पण पुंजारामच्या अंगावर धावून जायला सगळे हजर. तेवढ्यात कल्याण आला. तोच तो फलकावरचा भावी नगरसेवक. बुलेट उभी केली, ओंजळीत पाणी घेतलं, लांबूनच नाकाशी नेल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "औषधाचा वास आहे. टँकरवाल्यांनी पढवून पाठवलंय याला." लोकांना तेवढंच हवं होतं. कुणी त्याची आई काढली, कुणी मेंढरं काढली. मेंढरं काढणारा माणूस निवृत्त अधिकारी होता.

कल्याणनं पाणीपुरवठ्याच्या साहेबाला फोन लावून तो पुंजारामच्या कानाला लावला. स्पीकर चालू होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. साहेब म्हणाले, "लोकांचा रोष नको. सोडून टाक." पुंजाराम म्हणाला, "साहेब, लिहून द्या." फोन बंद झाला.

तरी तो हलेना. चावी दोन्ही हातांनी धरून तिथंच उभा. मग कल्याण माझ्याकडं वळला. "मॅडम, तुमचा विद्यार्थी आहे. तुमचं ऐकेल."

मी पुढं गेले. कुणी ढकललं नव्हतं मला. म्हटलं, "पुंजा, उद्या माझ्या लेकीचं डोहाळजेवण आहे. पन्नास बायका यायच्यात. घरात भांडं बुडवायला पाणी नाही."

तो हळूच म्हणाला, "बाई, पाणी घाण हाय. खरंच सांगून राह्यलो. तुम्ही म्हणू नका, तुम्ही म्हणलं की मला न्हाई म्हणता येत न्हाई."

त्याला नाही म्हणता येत नाही हे मला माहीत होतं म्हणून तर मी पुढं झाले होते. मी वर्गातला आवाज काढला. "मी सांगते तेवढं कर."

त्यानं चावी फिरवली. फिरवताना ओरडून सांगत होता, "पिऊ नका कुणी! वापरायलाच घ्या!" पण तोवर तीनशे मोटारी सुरू झाल्या होत्या. जाताना तो माझ्या फाटकापाशी थांबला. त्याला साहेबानं दुसऱ्या भागात जल्दी बोलावलं होतं. म्हणाला, "बाई, जयवंताबाई पूजेला बसल्यात, त्यान्ला कमी बी ऐकू येतं. पिऊ नका म्हणावं. तेवढं सांगा." मी म्हटलं, "सांगते."

आता पुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहिलं नाही तर मग इतरांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. घरात शिरल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल? जारवाल्याला फोन. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याचे पंधरा जार मागवले. राजनंदिनीला बजावलं, नळाच्या पाण्यानं चूळसुद्धा भरायची नाही. म्हणजे पुंजाराम खरं बोलतोय याबद्दल मला शंका नव्हती. कधीच नव्हती. मला नळाचं पाणी हवं होतं ते भांडी घासायला आणि अंगण धुवायला. त्यासाठी मी ते तीनशे घरांत सोडायला लावलं.

आणि जयवंताबाईंना सांगायचं राहून गेलं. रस्ता ओलांडला की त्यांचं दार. आचारी आला, फुलवाला आला, विहीणबाईंचा फोन आला. राहून गेलं.

बुधवारी त्या डोहाळजेवणाला आल्या. राजनंदिनीची ओटी भरली, कापऱ्या आवाजात डोहाळे म्हटले. जेवताना पेला खाली ठेवून मला म्हणाल्या, "मीने, तुह्या घरचं पाणी लई गोड लागून राह्यलं गं. माह्या नळाला तर कालपासून कसला तरी वास येऊन राह्यला. पण पुंजानं सोडलंय म्हणजे चांगलंच असंल." माझ्या हातात जिलबीचं ताट होतं. मी म्हटलं, "आणखी एक घ्या ना," आणि पुढच्या पंगतीकडं गेले. खरंच सांगते, त्या क्षणी ते माझ्या डोक्यातच शिरलं नाही. शिरायला हवं होतं.

गुरुवारी सकाळपासून कॉलनीत उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत चाळीस माणसं दवाखान्यात. खाटा पुरेनात, एका खाटेवर दोघं, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला बांधलेल्या. दवाखान्याच्या जिन्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या, संडासाचं दार निघालेलं. जयवंताबाईंना उचलून आणलं ते पुंजारामनं. रिक्षात मांडीवर घेऊन बसला होता, त्याचं पिवळं जाकीट उलटीनं भरलेलं. म्हातारीनं त्याला ओळखलं. म्हणाली, "तू पेलास का रे पाणी?" त्यानं तिचं तोंड पुसलं. शनिवारी पहाटे त्या गेल्या.

लाइन कुठं फुटली होती ते पुंजारामनंच शोधलं. ठेकेदारानं उकरलेल्या त्याच खड्ड्यात, घुशीच्या हातभर अंतरावर. टिकाव लागून पाइप चिरलेला. त्यानं छातीभर काळ्या घाणीत उतरून तो जोडला, आणि कॉलनी गच्चीवरून मोबाईलवर चित्रण करत होती. एकानं वरून सांगितलंसुद्धा, "जरा इकडं तोंड कर." थू! माणसं आहेत की काय आहेत, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि अजून सुटलेला नाही.

रविवारी उकिरड्यावरचा वाढदिवसाचा फलक उतरला आणि जयवंताबाईंच्या भावपूर्ण श्रद्धांजलीचा लागला. म्हातारीचा फोटो रुपयाएवढा, कल्याणचा पुरुषभर. त्यानं एक मोर्चाही काढला. घोषणा होती, ‘निष्काळजी कर्मचाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे’. ठेकेदाराचं नाव कुणी घेतलं नाही. तो कल्याणचा मेव्हणा निघाला, हे पुढं कळलं.

मग चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी कल्याण माझ्या घरी आला. सोफ्यावर बसून बिस्किटं खाल्ली, राजनंदिनीची तब्येत विचारली आणि म्हणाला, "मॅडम, माणूस मेलंय. पाणी सोडायला ज्यानं ज्यानं भाग पाडलं त्याच्यावर गुन्हा होऊ शकतो. तुमची पेन्शन आहे, घरात अशी लेक आहे. आपण सगळ्यांनी एकच सांगायचं, पाणी पुंजारामनं सोडलं. आता हे काय खोटं आहे का?" त्यानं कागद पुढं केला. खाली कॉलनीतल्या चाळीस जणांच्या सह्या होत्या. सर्वांत वर जागा कोरी ठेवलेली होती, माझ्यासाठी. ज्येष्ठ नागरिक ना मी!

कागद वाचताना मला त्याची किळस आली. त्याच्या बोटांना बिस्किटाचा चुरा लागला होता, त्याचीही आली. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावलं. साहेबांच्या टेबलावर विकतच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या ओळीनं मांडलेल्या. हे तेच साहेब, फोनवरचे. आपल्याच फोनची चौकशी आपणच करत बसले होते. एका बाजूला खुर्चीवर मी, रहिवाशांची प्रतिनिधी म्हणून. समोर पुंजाराम उभा, हात मागं बांधून. त्याला बसायला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

साहेबांनी विचारलं, "पाणी खराब आहे हे तुला माहीत होतं?"

"व्हय साहेब."

"तरी सोडलंस?"

"व्हय."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

हा प्रश्न साहेब विचारतील असं मला वाटलं नव्हतं. बहुधा त्यांनाही वाटलं नसावं, छापील फॉर्मवर होता म्हणून वाचला. विचारून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. पुंजारामनं माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. प्रश्न विचारल्यावर वर्गातलं एखादं पोर बाईकडं पाहतं ना, बाई काहीतरी सुचवतील म्हणून, तसं पाहिलं. मी टेबलावरच्या बाटलीवरची तारीख वाचत बसले. साहेब म्हणाले, "बोल." त्यानं पुन्हा एकदा पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं असतं तर एवढंच वाक्य होतं, मी सांगितलं. दोन शब्द. चौथीतल्या पोराला सांगता येतील इतके सोपे.

"कुणाच्याच न्हाई साहेब," पुंजाराम म्हणाला. "म्या माझ्या मनानं सोडलं."

साहेबांनी ते लिहून घेतलं, चटकन. उद्यापासून येऊ नकोस, असं तोंडी सांगितलं. कंत्राटी माणसाला काढायला कागदही लागत नाही.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. तिथंही भिंतीला पिचकाऱ्या आणि मुताऱ्यांचा दर्प. मी म्हटलं, "पुंजा, माझं नाव का नाही घेतलंस रे?"

तो उभा राहिला, पण या वेळी हात मागं नव्हते.

"घेणार होतो बाई," तो म्हणाला. "तुमच्या तोंडाकडं दोन बार पाह्यलं. तिसऱ्यांदा पाह्यची मलाच लाज वाटली."

एवढं बोलून तो जिना उतरून गेला. मी रिक्षा करून घरी आले. राजनंदिनी झोपाळ्यावर बसली होती. तिनं विचारलं, "आई, काय झालं गं तिथं?"

मी म्हटलं, "काही नाही. जबाबावर सही करायची होती."